कोटेशन

कोल्हापूरच्या दुकानदाराने दोन कागद पाठवलेत.
एकावर आठ एलईडी पार, स्टँडसकट.
दुसऱ्यावर एकच लेझर, चपलेच्या खोक्याएवढा,
आणि किंमत जवळपास तीच.
जत्रेला एकोणीस दिवस. कमिटीने सांगितलंय,
यंदा नाटकाला उजेड असा पाहिजे
की वेंगुर्ल्याची माणसं रिक्षा करून येतील.

मी आधी लेझर मागवला, ट्रायलला.
आग्नेलने धुराचं मशीन आणलं, लग्नाच्या ऑर्डरीतलं,
आणि होड्या ओढून ठेवतात तिथे,
रात्री अकरानंतर, आम्ही बटण दाबलं.
काय सांगू.
हिरवी रेघ सुटली ती थेट निवतीच्या दीपगृहाकडे,
मग तिची झाली चादर, चादरीचं छप्पर,
पोरं हात लावायला उड्या मारत होती
आणि हातावर नुसता एक ठिपका.
मी आग्नेलला म्हटलं, डोळे मिट, जरा पुढे उभा राहा.
छप्पर दिसलं. भिंती दिसल्या.
आग्नेल दिसेना.

सकाळी पुरसो तांडेल दारात.
"रातीक दर्यार हिरवी रेघ कोणाची?
झिलाच्या डोळ्यात गेली. वल्ह्या सुटला हातातना."
मी माफी मागितली.
त्याने चहा घेतला नाही.

मग एलईडी.
मीटिंगमध्ये मी शब्द उच्चारला मात्र,
मागच्या बाकावरचे रापणकार असे वळले
जशी मी गाभाऱ्यात चपला घालून आले.
मला कळायला हवं होतं.
या गावात एलईडी म्हणजे
रात्री क्षितिजावर उभं राहणारं ते पांढरं शहर,
बाहेरच्या बोटी, पाण्यात सोडलेले दिवे,
बांगड्याची पिल्लंसुद्धा ओढून नेणारे.
एलईडी म्हणजे मोर्चा, निवेदन, तहसीलदार जेवायला गेलेत,
आणि पहाटे साठ माणसांनी ओढलेल्या रापणीत
पाटीभर तारल्या नि शेवाळ.
"ता नाव हय घेव नको गो," पुरसो म्हणाला,
"आमचो बांगडो त्याच उजेडान व्हेलो."
मी म्हटलं, काका, हा पाण्यात नाही, तोंडावर मारायचा.
"आमच्या तोंडारच मारल्यानी," कोणीतरी मागून.
सगळे हसले. मीही हसले असते,
पण माझ्या हातात दोन कागद होते.

सगुण मेस्त्री पंचवीस वर्षं राणी होतो.
दिवसा त्याची वेल्डिंगची टपरी.
ट्रायलला तो रंगून आला, सफेता, काजळ, गंगावन,
नऊवारीच्या निऱ्या अशा बसवलेल्या
की माझ्या आईने बघून घेतल्या.
पहिल्या झोतात तो निळा, बुडून वर आलेल्या माणसासारखा.
मी पांढरा उतरवला, पिवळा चढवला, लाल नखभर,
आमटीत मीठ टाकतो तसं, हाताच्या अंदाजाने,
आणि एका जागी राणी आली.
डोळ्याखालची सुरकुतीसुद्धा आली, तीही राणीची.
सगुणने आरसा मागितला. बराच वेळ पाहिलं.
"ह्या उजेडात घाम येणा नाय," म्हणाला.
"हॅलोजनात दुसऱ्या प्रवेशाक रंग गळान जाय.
रडाचा लागा नाय, आपसूक दिसा.
आता माका खरोखर रडाक व्हया."
आणि निऱ्या सावरून टपरीकडे गेला,
तसाच, रंगलेला,
कोणाचं तरी गेट अर्धं राहिलं होतं.

लेझर परत पाठवला. ट्रायलचे अडीच हजार बुडाले,
पोरं आठवडाभर माझ्याशी बोलली नाहीत.
नवं कोटेशन मी माझ्या हाताने लिहिलं, कमिटीच्या वहीत:
दिवे, आठ नग. चेहऱ्यासाठी.
खजिनदाराने विचारलं, कसले दिवे ते तरी लिही.
पुरसोने वही आपल्याकडे ओढली
आणि सही केली,
चष्मा खिशातच ठेवून.