खाच

भार्गवी म्याकल दाजी पेठेत
तिसऱ्या मजल्यावर अमेरिका कोरते.
अमेरिका तिने पाहिलेली नाही.
परत आलेला एक खोका पाहिलाय.
बाराशे टॉवेल, शेड जुळली नाही म्हणून
कुठल्याशा मोटेलने नाकारलेले,
आणि तळाशी चुकून राहिलेलं एक पोस्टकार्ड :
वाळवंट, पेट्रोल पंप, गुलाबी आभाळ.

मी तेव्हा पॅकिंगला होतो.
खोका मीच फोडला.
आता तिचे कागद उचलतो.

साधनं जपानी. म्हणजे नावं जपानी.
बारेन नावाची घासायची चकती
तिकडे बांबूच्या सालात गुंडाळतात;
हिने आधी अम्माच्या टोपलीतलं तेंदूपान लावून पाहिलं,
दोन घासण्यांत चुरा.
अम्मा म्हणाली, "विडीचं पान ते, विडीलाच ऐकतं."
रंगात कालवायची तांदळाची खळ मात्र
शिकावी लागली नाही.
सुताला खळ द्यायचा वास
या घराच्या भिंतींना आधीपासून होता.

एका रंगाला एक फळी. अशा अकरा.
आभाळ वरून गडद, खाली उतरत विरलेलं,
मे महिन्यात कंबर तलावामागे
धूळ आणि ऊन एकमेकांत जातात तसं.
त्याखाली निऑनची पाटी,
लांबलचक गाडी, बर्फाचं मशीन,
दारात ओल्या केसांचा म्हातारा,
हॅट हातात, टॉवेल खांद्यावर.
रेषा अशी की तो जुन्या जपानी नाटकातला
सरदार वाटावा,
राज्य गेलेला,
आणि खोली अकराला सोडायची आहे.

पहिला ठसा नानांना दाखवला.
राजय्या म्याकल, चाळीस वर्षं मागावर.
त्यांनी म्हातारा पाहिला नाही, आभाळ नाही.
बोट टॉवेलच्या काठावर ठेवलं.
"काठ उलटा बसलाय. असा टॉवेल
आपण कधी पाठवला नाही की."

पाटीची अक्षरं उलटी कोरायची लक्षात राहिली होती,
काठ राहिला नाही.
सूत उसवता येतं. लाकूड कोरलं की गेलं.
दोन दिवस ती कोणाशी बोलली नाही.
मग नानांनीच माळ्यावरून धोटा काढला,
टोकाला फुटलेला, तेल पिऊन काळा,
करवतीने बोटभर तुकडा कापून दिला.
चुकलेली जागा खणून
तिने तो ठोकून बसवला,
रंधा मारला, काठ पुन्हा कोरला.

फळीच्या कोपऱ्यात एक खाच असते.
कागदाचा कोपरा दर वेळी तिथेच टेकवायचा,
म्हणजे अकरा रंग आपापल्या जागी पडतात.
मी टेकवतो. श्वास धरून.
तरी सातव्या प्रतीत गाडी
केसभर रस्त्याबाहेर गेली.

चाळीस प्रती दोरीवर वाळताहेत.
धोट्याचं लाकूड तेलकट, रंग नीट धरत नाही;
काठ तेवढा ओलसर दिसतो,
आत्ताच कोणी तोंड पुसल्यासारखा.
सातवी नानांनी मागून घेतली.
विचारलं, "हा निघालाय, का आत्ता आलाय?"
भार्गवीने मान हलवली.
कुठल्या प्रश्नाला, ते मला कळलं नाही.