ढलप्यांचा हिशेब

खानापुरात, रेल्वे गेटच्या अलीकडं,
हिरजीभाईंच्या वखारीत एकोणीस वर्षं रंधा मारतोय मी.
रंध्याखालून जे निघतं त्याला नाव नव्हतं.
म्हणजे, नावं होती:
भुसा, साल, ढलपी, कटपीस.
वहीत नव्हती.
वहीत फक्त घनफूट.

दिवेलागणीला निंगव्वा यायची,
सिमेंटचं रिकामं पोतं घडी करून डोक्यावर.
कुणाला विचारायची नाही. झाडून घ्यायची,
माझ्या पायाखालचंसुद्धा.
"कालु तेगी, तम्मा."
मी पाय उचलायचो.

तिची शेगडी पत्र्याच्या डब्याची.
मधोमध बाटली उभी धरायची, भोवती भुसा ठासायचा,
मग बाटली हलकेच फिरवत ओढून काढायची.
उरलेल्या भोकात दोन तास जाळ.
सागाचा भुसा संथ, किंदळाचा तापट,
फणसाचा पिवळा, त्या दिवशी भाकरीला वास,
हे ती सांगायची
अर्धं कन्नडात, अर्धं माझ्यात.

मग जिगर आला, हिरजीभाईंचा भाचा,
अहमदाबादेत टेबलं काढायला शिकून.
चार दिवस नुसता कचऱ्यापाशी उभा.
पाचव्या दिवशी म्हणाला,
"परशुकाका, हे सगळं आपण फुकट वाटतो?"

कटपीस निवडले. हातभर, वीतभर, बोटभर.
टोकांना दाते पाडले,
एकाची बोटं दुसऱ्याच्या बोटांत,
मध्ये गोंद, वरून शिकंजा, रात्रभर.
सकाळी शिकंजा सोडला तर
साग, ऐन, किंदळ, फणस एका फळीत,
बाजारच्या दिवशी टेम्पोत कोंबल्यासारखे,
खांद्याला खांदा, तोंडं भलतीकडं.

खोटं कशाला बोलू, देखणी होती.
गोव्याच्या एका हॉटेलानं बारा टेबलं नेली,
अख्ख्या सागाच्या दीडपट भावानं.
भुशाच्याही आता कांड्या होतात,
दाबून, वाळवून,
धारवाडकडं कुठल्याशा बॉयलरला जातात.
वहीत नवा रकाना पडला.
माझ्याच हातानं लिहिलं: ढलपी, किलो.

त्या संध्याकाळी जमीन आरशासारखी.
निंगव्वानं पोतं उलगडलं,
इकडं तिकडं बघितलं,
पुन्हा घडी घातली.
"आज रजा काय रे?"
"नाही," म्हटलं. "काम झालं की."
ती माझ्या पायांकडं बघत राहिली.
मी उगाच एक पाय उचलला.

उरलेल्यातलंही थोडं उरतं,
गाठीचं, चिरलेलं,
जिगरच्या मापात न बसणारं.
सुट्टीच्या दिवशी त्यातले सतरा तुकडे घेतले,
तिच्यासाठी पाट केला.
कडा गोल मारल्या, पॉलिशचे दोन हात दिले.
तिनं तळवा फिरवला. "चंद ऐती," म्हणाली.
मला त्या रात्री गाढ झोप लागली.

आठवड्यानं भाजीच्या बाजारात दिसली,
डोळे लालभडक.
विचारलं, पाट बरा आहे ना?

"पाट बरा होता," ती म्हणाली,
"दोन दिवस चूल चालली.
पण तुझा गोंद वाईट हो, तम्मा.
धूर डोळ्यांत बोचतो.
पुढच्या खेपेला नुसतं लाकूड दे.
जोडू नको."