तळटीप

लामारा, तुमची जुनी डिस्क मेलेली नाही.
पुतण्याने नवी एसएसडी हौसेने बसवली
खालच्या खाचेत, जिथं स्क्रू सहज पोचतो.
मदरबोर्डच्या पुस्तिकेत, पान एकतीस,
मुंगीएवढ्या अक्षरांत एक तळटीप आहे:
ही खाच भरली की पाच आणि सहा नंबरचे पोर्ट बंद.

भांडण नाही, आवाज नाही.
पाहुणा बसला, आणि घरचं माणूस
ताटावरून उठून गेलं, एवढंच.

कुताइसीत आज वीज दोनदा गेली.
टॉर्च दातांत धरून नवीला
प्रोसेसरशेजारच्या खाचेत हलवलं,
जुनीची केबल दोन नंबरात.
बायोसमध्ये एएचसीआय होतंच, त्याला हात लावला नाही.
न मोडलेलं दुरुस्त करू नये
हे मी महागात शिकलोय.

आता यादीत दोघी दिसतात.
तुमच्या वेधशाळेचे बावीस वर्षांचे भूकंप
जसेच्या तसे.
एक उघडून पाहिला, माफ करा.
चौदा मार्च, पहाटे तीन चाळीस,
सुई जेमतेम थरथरलेली.
शेजारी तुम्ही लिहिलंय: ट्रक असावा.

पुतण्याला रागावू नका.
तळटीप मलाही दुसऱ्या वाचनात दिसली.
बिल झाकणाच्या आत चिकटवलंय.

नोदार