तीस सेकंद शांतता

सीन संपला की साउंडवालीचं एक काम उरतं:
त्या जागेची शांतता रेकॉर्ड करणं.
तीस सेकंद. कुणी हलायचं नाही,
कुणी खोकायचं नाही.
प्रत्येक खोली वेगळी गप्प असते,
आणि संवादांमधल्या फटी बुजवायला
त्याच खोलीचं मौन लागतं. उसनं चालत नाही.

डुलूथला, नाणी टाकून कपडे धुवायच्या एका लाँड्रीत
मी ती पहिल्यांदा रेकॉर्ड केली.
जानेवारी. बाहेर सुपीरियर सरोवर
काठापासून आत आत गोठत चाललेलं.
डेल नीमी तेव्हा सत्तावीसचा,
आईची बोट विकून आलेले एकोणीस हजार डॉलर
बुटांच्या खोक्यात घेऊन फिरायचा.
सिनेमा काय, तर दोन साडू
एक गोठलेली टर्की परत करायला निघतात
आणि दुकान बंद असतं.
बस्स. एवढंच. नव्वद मिनिटं.

टर्की एकच होती.
चौथ्या दिवशी ती पाघळली,
सहाव्या दिवशी वास यायला लागला.
डेलने तिला पांढरा रंग फासला आणि म्हणाला,
'आत्ता कुठे ही अभिनय करतेय.'

थोरला साडू म्हणजे डेलचा मामा रूबेन,
एरवी रस्त्यांवरचा बर्फ उपसणारा.
मी शांतता मागितली की
नेमकं त्याचं पोट वाजायचं,
सावकाश, एकेक पायरी जिना उतरल्यासारखं.
सगळे हसून फुटायचे.
अकरा वेळा घेतली. अकराही वेळा तेच.
शेवटी डेल म्हणाला, राहू दे,
या खोलीची शांतता अशीच आहे.

मग व्हायचं ते झालं. कुठल्याशा महोत्सवात
लोक खुर्च्यांवरून घसरले,
कुणी त्याला जेवायला नेलं, कुणी विमानात बसवलं.
दुसरा सिनेमा जरा मोठा, तिसऱ्यात एक पाठलाग,
चौथ्यात विनोद ट्रेलरपुरता.
पाचव्याचं नाव मला अजून पाठ होत नाही,
त्यात एक आकडा आहे.

लोक विचारतात, विकला गेला का गं तो?
मी म्हणते, त्याच्या आईच्या खोलीला आता
सरोवराकडची खिडकी आहे,
चोवीस तास नर्स आहे. तुम्ही काय विकलं असतं?
म्हणते खरी. मग घरी येऊन
कधीकधी उगाच भांडी आपटते.

गेल्या मार्चमध्ये त्याने बोलावलं, बरबँकला.
हँगरएवढी जागा, आत हिरवा पूल,
हिरवं आकाश, हिरव्या कपड्यांतली माणसं
एक हिरवा ट्रक ढकलत होती.
डेलभोवती नऊजण. एकाच्या हातात तक्ता:
स्फोट संत्री हवा की पिवळट?
त्याने डोळे बारीक करून पाहिलं,
टर्कीकडे पाहायचा तसंच,
आणि म्हणाला, 'अर्धा सेकंद उशिरा.'
विचारलं होतं रंगाचं. कुणी बोललं नाही.
लिहून घेतलं.

संध्याकाळी तिथल्या साउंडवाल्या पोराने शांतता मागितली
आणि मान म्हणून हेडफोन माझ्या कानांवर ठेवले.
चारशे माणसं थांबली.
इतकं धुतलेलं मौन मी आयुष्यात ऐकलं नव्हतं.
एकोणिसाव्या सेकंदाला
कुणाचंतरी पोट वाजलं.
सावकाश. जिना उतरत.

मी ओठ चावून वर पाहिलं.
चारशे चेहरे. एकही फुटला नाही.
'पुन्हा घेऊ,' कुणीतरी म्हणालं.
पुन्हा घेतली. निर्दोष आली.

रात्री हॉटेलात त्याचा मेसेज:
'पोट मामाकडून वारशात आलंय.
पोराला सांगितलंय, पहिली पुसू नकोस.'

पुढच्या उन्हाळ्यात तो पूल जगभर कोसळेल.
मी तिकीट काढून बसेन,
आगीकडे बघणार नाही.
तिच्या आधीच्या अर्ध्या सेकंदाला
कान लावून.