पन्हळीतलं झाड

डंडीतल्या जुन्या दगडी इमारतीत
सगळ्यात वरचं, डावीकडचं दार
एफी लमस्डेनने विकत घेतलं, तेव्हा सगळा हिशेब
पाकिटाच्या पाठीवर मावला होता:
भाडं सहाशे चाळीस, हप्ता चारशे दहा,
उरले दोनशे तीस.
एकतीस वर्षं दातांच्या दवाखान्यात
लोकांना "बसा, बोलावतील" सांगण्यात गेली.
आता पैशाने राबावं, तिने बसावं.

पाकीट अजून आहे.
पाठ भरली तशी ते उकलून
ती आतल्या बाजूला लिहायला लागली.
विमा. गॅसवाल्याचा दर वर्षीचा दाखला.
खोल्याखोल्यांतल्या धुराच्या घंटा, एकमेकींना जोडलेल्या,
एक ओरडली की सगळ्यांनी ओरडायचं.
रिकामा गेलेला मार्च.
दोनशे तीस हा आकडा तिला आता
शाळेतल्या मैत्रिणीसारखा आठवतो,
नाव पक्कं, चेहरा धूसर.

घर पाहावं बांधून, असं आपल्याकडे म्हणतात.
भाड्याने देऊन पाहावं,
हे म्हणायचं राहूनच गेलं.

ग्रेगर टॉश रात्रपाळीला पाव भाजतो.
ऑक्टोबरात त्याचा फोन आला:
छताला डाग आहे. विशेष नाही, बशीएवढा.
आठवड्याने: ताटाएवढा.
मग नुसतंच, "आमच्या बेकरीतला मोठा ट्रे असतो ना..."

छप्पर आठ दारांचं. गळती एकाच्या डोक्यावर.
एफीने सात पत्रं लिहिली, हाताने,
शेवटी "आपली शेजारीण", जरी ती तिथे राहत नाही.
तळमजल्यावरच्या पेट्रीबाई म्हणाल्या,
पाणी माझ्यापर्यंत येईल तेव्हा बघू.
दोन घरं एका एजंटाकडे, त्याचा फोन
सुट्टीवर गेलेल्या माणसाचा आवाज ऐकवतो.
समोरच्या दाराचा मालक सायप्रसला.
त्याचं पत्र पाच आठवड्यांनी परत आलं,
तिच्यापेक्षा जास्त प्रवास करून.
दोघांनी उत्तरच दिलं नाही.
दुसऱ्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या बॅक्स्टरने
वीस पौंडांचा चेक पाठवला,
सोबत चिठ्ठी: माझ्या वाटणीची कौलं.

ग्रेगरने भाडं अडवलं असतं तर बरं झालं असतं.
चिडलेल्या माणसाशी बोलायची तिला सवय होती,
दाढ ठणकणारी माणसंच तिने जन्मभर सांभाळली.
पण तो पातेलं लावतो, भरलं की ओततो,
कॅलेंडरवर एक बारीक रेघ मारतो,
आणि ती चौकशीला गेली की
पावाची गरम पिशवी हातात देतो.
जिना उतरताना ती पिशवी
छातीशी धरावी की लांब, तिला कळत नाही.

मेहुणा म्हणतो, तिथला भाव सातशे ऐंशी चाललाय.
वाढव, नाही तर विकून टाक.
ती ऐकते. पाकिटावर ७८० लिहितेही.
त्याच्याभोवती उगाच चौकट काढत बसते.

डिसेंबरात पाऊस एक दिवस थांबला,
डूगी शिडीवर चढला,
आणि वरून त्याने तिच्या फोनवर फोटो पाठवला:
पन्हळीत बर्चचं रोप, वीतभर,
मुळं शिशाच्या पत्र्याखाली घुसलेली.
आठ दारांत नववं बिऱ्हाड,
ना करार, ना अनामत.

एकवीसशे पौंड झाले.
आठांनी भागायला हवे होते,
एकीने भागवले, वजा वीस.
बॅक्स्टरला तिने पावती दिली, शिक्का मारून.

रोप डूगीने बादलीतून खाली आणलं,
टाकू का, म्हणाला.
तिने बादलीसकट ते मागून घेतलं.
का, ते पाकिटावर कुठेच लिहिलेलं नाही.

शनिवारी ती आणि ग्रेगर छत रंगवतात.
तो स्टुलावर, ती खालून रोलर पुरवत.
पांढरा रंग बसला, दोघं मान वर करून बघत राहिली,
आणि वाळता वाळता
चहाच्या रंगाचा डाग हळूच वर आला,
ट्रेएवढा, कडा शाबूत.

दुसरा हात द्यावा लागणार, तो म्हणाला.
ती डब्यात वाकून बघते,
किती उरलाय.