रुळाचा तुकडा

सत्तावीस वर्षं घंटा मी दिली.
घंटा म्हणजे काय, रुळाचा तुकडा.
मीटरगेज उखडलं तेव्हा मानवत रोडवरून
सायकलला बांधून आणला,
शाळेच्या कडुलिंबाला तारेनं टांगला.
माझ्या पहिल्या टोलाला गावातल्या बाया तवा उतरवायच्या.

सहा हेडमास्तर आले, गेले.
कुणी खुर्चीची गादी बदलली,
कुणी गेटाला रंग दिला.
घंटेला हात लावला नाही कुणी.

मग इंगोले बाई आल्या, हिंगोलीकडच्या.
चार दिवस ऑफिसात टेकल्याच नाहीत.
पाचवीपासून दहावीपर्यंत
प्रत्येक वर्गाच्या शेवटच्या बाकावर
एकेक तास, पर्स मांडीवर घेऊन.
पाचव्या दिवशी मला बोलावलं.
वाटलं, चहा सांगतील.
तर म्हणाल्या,
“पिराजी, या शाळेत असं लेकरू कोणतं
ज्याला महिनाभरात कुणी एकही काम सांगितलं नाही?”

असला प्रश्न कधी ऐकला नव्हता.
पहिला कोण, नापास कोण,
साहेब आले की हार कोण घालील,
हेच विचारायचे सगळे.
पण मास्तरांना नसतं ठाऊक ते शिपायाला असतं.
म्हणालो, तहेरा. सातवी ब. पिंजाऱ्याची.
ऐकू येत नाही तिला.
तिला कुणी खडू आण म्हणत नाही,
पाणी आण म्हणत नाही.
रागवतसुद्धा नाही कुणी.

“उद्यापासून घंटा ती देईल.”

खोटं कामून बोलू, रात्री भाकर गिळली नाही.
बायकोला म्हणालो, बहिऱ्या पोरीच्या हाती घंटा!
ती म्हणाली, तुमचं दुखणं नेमकं काय,
पोरगी का हातोडा?

सकाळी हातोडा दिला.
तिनं आधी रुळाला अख्खा तळवा लावला,
गाभण म्हशीच्या पोटाला लावतात तसा.
मग तारेवर दोन बोटं टेकवून
एक टोल.
थरथर विरेस्तोवर थांबली.
मग दुसरा.
हे तिला कुणी शिकवलं?
बाप अजून गाद्या पिंजतो,
मशीन घेणं काही झालं नाही त्याच्यानं.
कमानीची तात छेडली की
घरची भुई तिच्या तळपायाला सांगत असणार.

गणिताचे सर कुरकुरले,
हिच्या घंटेनं तास दोन मिनिटं लांबतो.
बाई म्हणाल्या, लांबू द्या.
पोरं मात्र हुशार.
सुट्टीला किती वेळ राहिला
हे आता तहेरालाच ठाऊक,
म्हणून खिडकीतून बोटांनी विचारायला लागली.
ती बोटांनी सांगायची.
दिवाळीपर्यंत अख्खी शाळा
हातांनी चहाड्या करायला शिकली.
पहिल्यांदा तिच्यावर कुणी रागावलं तेही तेव्हाच,
नववीतल्या संतुक्याशी खाणाखुणा करताना
मधल्या सुट्टीची घंटा विसरली म्हणून.
रडली. पण मला वाटतं,
त्या रडण्यात थोडी ऐटही होती.

मी? मी झाडाखाली स्टूल टाकून बसायचो.
टोल चुकतो का बघत.
चुकला असता तर बरं वाटलं असतं,
असं पहिला महिना वाटत होतं.

एक तारखेला बाईंनी पुन्हा बोलावलं.
“पिराजी, आता दुसरं लेकरू कोणतं?”

मला माहीत होतं.
भंगार वेचणाऱ्या वस्तीतला बालाजी, सहावी अ,
शाळेत काहीही हरवलं
की सगळे आधी त्याच्याकडं बघतात.

नाव सांगितलं.
सांगताना
खिशातला किल्ल्यांचा जुडगा
मुठीत आवळून धरला होता.
बाईंचं लक्ष त्या मुठीकडंच होतं.