गुरुवारी तिकीट नसतं

जून उजाडला, क्लीव्हलंडच्या शाळा सुटल्या,
की गुरुवारी माझ्या दालनात डब्यांचा वास येतो.
पीनट बटर, केळं, ओले मोजे.
आत खायला मनाई आहे.
मी नाक मिटून घेतो.

चार्लीनला आता नावानं ओळखतो मी.
रात्रपाळी इस्पितळाच्या धोबीखान्यात,
तिथून घरी, मग दोन बस बदलून इथं.
तळ्याकाठच्या शिबिराचं पत्रक तिच्या पर्समध्ये
घड्या पडून पडून कापडासारखं झालंय.
आठवड्याला तीनशे डॉलर, एका मुलाचे.
तिला दोन आहेत.

बाकावर बसली की बसल्या बसल्या झोपते.
ऑर्विल आणि टेस त्या चित्रापुढे जातात,
मोठं, तळ्याचं, कोपऱ्यात एक रिकामी होडी.
आज त्यांनी बूट काढले.
जोडीनं लावून ठेवले भिंतीशी.
पाण्यात बुटांसकट कोण उतरतं?

नियम चौथा : पादत्राणे आवश्यक.
बावीस वर्षं लोकांना वाचून दाखवलाय.

"गार आहे का?" टेसनं विचारलं,
मला की भावाला, कळलं नाही.
"सकाळचं गारच असतं,"
कुणीतरी म्हणालं. मीच.

ऑर्विलनं फरशीवर एक मासा पकडला,
नीट बघितला, सोडून दिला.
"लहान आहे अजून."

बुटांना वळसा घालून मी पुढच्या दालनात गेलो.
तिथं फळांची चित्रं आहेत,
दोनशे वर्षांची द्राक्षं, एक सोललेलं लिंबू.
तिथं कुणी थांबत नाही.

परतलो तेव्हा चार्लीन झोपलेलीच होती
आणि काठावर
बुटांचे तीन जोड होते.